डाव्या हाताचा पटका

"लिवा, ह्यांना पटका बांधता येत न्हाई," बायडाबाई म्हणाली.

"ते सोडून दुसरं काय बी लिवा," सुग्रीव म्हणाला.

सुंदररावांनी टाइपरायटरवरची बोटं उचलली आणि चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. कचेरीच्या कुंपणालगत लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. शेजारी आता एसटीडीचं पिवळं खोकं आलं होतं. त्यातून माणसं पुण्याला गेलेल्या लेकरांशी ओरडून बोलायची आणि त्या गलक्यात सुंदररावांना एकेक गाऱ्हाणं दोन-दोनदा विचारावं लागायचं. पण नवरा-बायको अर्जातल्या एकाच ओळीवर असे अडून बसलेले त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

"हे बघा पाव्हणं," ते म्हणाले, "तुमचा निराधार योजनेचा पगार नामंजूर कामून झाला? तर चौकशीच्या कागदावर लिव्हलंय, ‘अर्जदार स्वतः पटका बांधतो, सबब काम करण्यास समर्थ.’ अपिलात त्याचंच उत्तर द्यावं लागतं. दुखणं पायाला अन् पट्टी डोस्क्याला, असं करून भागतं का?"

सुग्रीवने मान फिरवली. त्याचा उजवा हात मांडीवर होता. तो त्याने तिथे ठेवला नव्हता, बसताना बायडाबाईने उचलून ठेवला होता. हात दिसायला अख्खा, पाचही बोटं जागच्या जागी, आणि घात झाला तो त्यामुळेच. हात तुटून पडला असता तर कुणी शंका काढली नसती.

दोन वर्षांमागे नारायणगडाहून परतताना काळीपिवळी जीप उलटली. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं, सुग्रीवचा हात मात्र खांद्यातून ओढला गेला. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासून सांगितलं की नसा तुटल्या, आता ह्या हाताची आशा सोडा. त्या भल्या माणसाने अपंगत्वाचे टक्के घालून दाखलाही दिला. सुग्रीव जातीचा मेंढपाळ. मेंढ्या कातरण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता कुणी खरोखर हात धरला तरी त्याला कळत नव्हतं. मेंढ्या होत्या त्या इलाजात गेल्या.

जेवण, आंघोळ ह्यांची त्याने डाव्या हाताने कशीबशी सोय लावली. पटक्याचं काही केल्या जमेना. त्याला दोन हात लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला. मग बायडाबाईने शेजारीण पाणी भरायला गेली की दार लावून, पालथ्या घागरीवर पटका बांधायचा सराव केला. महिनाभरात तिचा हात असा बसला की नवऱ्याच्या स्वतःच्या बांधणीपेक्षा तिची बांधणी देखणी झाली. रोज सकाळी दार लावायचं, त्याने जमिनीवर बसायचं, तिने मागे उभं राहायचं. गड्याचा पटका बायकोने बांधायचा असं वस्तीवर कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. दोघांनी ते चोरीच्या मालासारखं जपलं.

आणि चौकशीचा कारकून आला तो नेमका बिरोबाच्या देवळापुढे, दहा माणसं बसलेली असताना. त्याने आधी चहा घेतला, हाताकडे एकदा बघितलं आणि सहज म्हणाला, "पटका लई झ्याक बांधलाय. कुणी बांधला?"

दहा जणांनी सुग्रीवकडे पाहिलं.

"कुणी म्हंजे? म्याच," सुग्रीव म्हणाला.

एवढ्या एका शब्दावर पगार गेला.

"काका, तुमी लिवा," बायडाबाई आता सुंदररावांना म्हणाली. "पगार न्हाई झाला तर दिवाळी झाली की मला म्हाळूच्या टोळीत ऊस तोडाया जावं लागंल. सा म्हैने. ह्यांच्याकडं कोण बघंल? लिवा, बायकू बांधती."

"बायकू नगं," सुग्रीव घाईने म्हणाला. "नुस्तं, येत न्हाई, असं लिवा."

सुंदररावांनी तसं लिहिलं. टाइपरायटर खडखडत होता तोवर सुग्रीव पलीकडच्या भिंतीवरची थंड पेयाची नवी जाहिरात बघत बसला. त्याला वाचता येत नव्हतं.

अपिलाची तारीख लागायला पाच महिने गेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, त्या मानाने लवकरच. सुनावणीला टेबलामागे प्रांतसाहेब होते, तरुण, नव्याने आलेले. शेजारी निराधार कमिटीचे अध्यक्ष केदारनाथआप्पा, मोंढ्यातले अडतव्यापारी, कपाळावर भस्म आणि तोंडात कायम विनोद. आप्पा मनाचे वाईट नव्हते, हे सांगायला हवं. वाईट माणसाच्या हातून इतकं वाईट झालं नसतं.

दारातल्या शिपायाने बायडाबाईला अडवलं. "एका अर्जाला एकच माणूस. बाई, तुमी भाईर."

"आवं, पन त्यांना बोलाया यायचं न्हाई..."

"मुके हायत का? मग तसा अर्ज टाकायचा व्हता."

सुग्रीव एकटाच आत गेला. वाटेत तिने त्याच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं. विचारलं तर सांगायचं, बायकू बांधती. दोनच शब्द.

साहेबांनी कागद चाळले. "चौकशीत लिहिलंय, तुम्ही पटका स्वतः बांधता. अपिलात म्हणता, बांधता येत नाही. यातलं खरं काय?"

दारात पुढच्या अर्जांची माणसं डोकावत उभी होती. त्यात वस्तीवरचा अंगद होता, ज्याची जीभ अख्ख्या शिवाराला ठाऊक. सुग्रीवची नजर त्याच्यावर गेली आणि घोकलेले दोन शब्द मागेच राहिले.

"सायेब, हातच्या काकणाला आरसा कशाला?" आप्पा खुर्चीत पुढे सरकून म्हणाले. "सोडून बांधून दाव म्हनावं. आला तर आला, न्हाई तर न्हाई. दोन मिन्टाचं काम. काय रे सुग्रीव?"

आप्पांना वाटलं आपण गरिबाला सुटकेची वाट काढून दिली. आणि खरोखरच ती वाट होती. येत नव्हतंच, ते येत नाही एवढंच दाखवायचं होतं.

सुग्रीवने डाव्या हाताने पटका उतरवला. बाप गेला त्या दिवशी तो चारचौघांत बोडका झाला होता, त्यानंतर आज. पंख्याचा वारा टकलाला लागला तसं त्याला अंगावरचं सगळं कापड उतरवल्यासारखं वाटलं. कोपऱ्यात टायपिंग करणाऱ्या तरुण बाईने मान खाली घातली. तिची ती भलाई त्याला सगळ्यात जास्त बोचली.

त्याने एक टोक कपाळाशी धरलं आणि फिरवायला गेला. धरलेलं सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा सगळं कापड घसरून फरशीवर पडलं. ह्यात त्याचं काही सोंग नव्हतं.

"जमत नाही असं दिसतंय," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

काम झालं होतं. तो आणखी घटकाभर नुसता उभा राहिला असता तरी पुरे होतं. बायडाबाई घरी राहिली असती, सकाळी दार लागलं असतं.

"आरं, मंग रोज बायकू बांधती का काय बे तुला?" दारातून अंगद म्हणाला.

हसू फुटलं. शिपाई हसला, रांग हसली, आप्पाही हसले आणि मग "ए, गप ऱ्हावा रे" म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. सुग्रीवच्या कानापर्यंत रक्त चढलं. टेबलावरचे साहेब, पेन, पगार, दिवाळीनंतर जाणारा ट्रक, ह्यातलं काही त्याला दिसेनासं झालं. त्याने खाली वाकून पटका उचलला, एक टोक टेबलाच्या पायाला पीळ देऊन अडकवलं, दुसरं दातात धरलं, आणि डाव्या हाताने कापड डोक्याशी दाबत स्वतःच गिरकी घेतली. पटका डोक्याभोवती फिरत नव्हता, तर डोकंच पटक्यात फिरू लागलं. उजवा हात प्रत्येक गिरकीला बाजूला उडून परत येत होता आणि त्याच्याच मांडीवर आपटत होता. एक वेढा, दुसरा, तिसरा. टोक सोडवून त्याने अंगठ्याने आत खोचलं आणि घामाने डबडबून ताठ उभा राहिला. पटका एका कानावर कलला होता, पण डोक्यावर होता.

खोलीत टाळ्या पडल्या. अंगदनेही वाजवल्या.

"वा रे पठ्ठे!" आप्पा ओरडले.

आणि खरं सांगायचं तर त्या घडीला सुग्रीवला आनंद झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याच्यासाठी टाळी वाजवली होती. त्याने हसून साहेबांकडे पाहिलं. साहेब लिहीत होते.

"समक्ष पटका बांधून दाखविला," त्यांनी लिहितालिहिता वाचलं, "सबब अपील फेटाळण्यात येत आहे. अंगठा लावा."

आप्पांचं हसू ओसरलं. "सायेब, जरा..." ते म्हणाले. पण खेळ त्यांनीच मांडला होता.

कागदावर अंगठा डावाच लागतो. तेवढ्यापुरतीही हाताची अडचण आली नाही.

टाळ्या ऐकून बायडाबाईला वाटलं मंजूर झालं. ती पायऱ्यांपर्यंत धावत आली. मग तिची नजर त्याच्या डोक्यावर गेली.

"कुनी बांधला?"

"म्या."

"समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं. टाळ्या वाजिवल्या लोकांनी."

"मंग त्याच टाळ्या शिजवून खावा आता," ती म्हणाली आणि एसटी स्टँडाकडे चालू लागली.

सुग्रीव आधी लिंबाखाली गेला. सुंदररावांनी हुकूम वाचला. वर औरंगाबादला अजून एक अपील करता येतं, असं ते म्हणाले. "पर काय लिवायचं त्यात, पाव्हणं? ह्या बारीला तर डोळ्यांनी बघितलं म्हणत्यात." त्यांनी वाचण्याचे पैसे घेतले नाहीत.

वस्तीवर बातमी नवरा-बायकोच्या आधी पोचली. अंगदने गिरकी घेऊन दाखवली, पोराटोरांनी ती उचलली. आठ दिवस सुग्रीव दिसला की कुणी ना कुणी जागच्या जागी फिरायचा. सुग्रीवने ती गिरकी पुन्हा कधी घेतली नाही. बायडाबाई त्याला एका शब्दानेही टाकून बोलली नाही. सकाळी दार लावायची, पटका बांधायची, दार उघडायची. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटायचं.

दिवाळी झाली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटी बाई म्हणजे अर्धा. म्हाळू तिचा भाऊ म्हणून त्याने टोळीत हा अर्धा कोयता घेतला, दुसऱ्या कुणी घेतला नसता. ट्रक पारापाशी लागला त्या सकाळी तिने दार लावलं आणि पटका बांधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. प्रत्येक वेढा ओढून घट्ट केला, टोक दोनदा खोचलं.

"लई आवळला," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. टिकंल."

"भाकरी चंद्रभागावैनी दील. तू नगं काळजी करू."

"तिला मी सांगून ठिवलंय," ती म्हणाली. "पटक्याचं तेवढं न्हाई सांगितलं."

भांड्यांचं बोचकं, चुलीची वीट, दोन शेळ्या आणि माणसं असा भरलेला ट्रक निघाला. ती मागच्या फळीला धरून उभी होती. धूळ उडाली आणि पदर तोंडाला लावल्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसला नाही.

त्या रात्री सुग्रीव आडवा झाला नाही. भिंतीला पाठ टेकून, मान सरळ ठेवून झोपला. दुसऱ्या दिवशीही तसाच. आंघोळ गळ्याखालून करू लागला. डोकं खाजायचं, तेव्हा ज्वारीच्या धाटाची काडी वेढ्यातून हळूच आत घालायचा, वेढा हलणार नाही अशी. चौथ्या दिवशी भाकरी घेऊन आलेली भावजय चंद्रभागाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "भावजी, डोस्क्याला वास मारतुया. काढा की ते एकदा."

"उद्या," तो म्हणाला.

अकराव्या दिवशी तो हॉटेलात चहाला गेला. अंगद तिथेच होता. त्याने चारी बाजूंनी पटका न्याहाळला आणि ह्या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, खरोखरचं नवल होतं.

"काय बे सुग्रीव, बायकू तर ऊसाला गेली. तरी रोज असा येकसारखा कसा बांधतूस?"

"सवय झाली आता हाताला," सुग्रीव म्हणाला. त्याने मान न हलवता कप तोंडाशी नेला आणि चहा संपवला.