झोपेवर खात्रीशीर इलाज

बारामतीत भिगवण रस्त्याला सायराबानूचं गादीघर आहे. नवरा रमजान मशीनवर कापूस पिंजतो, ती खोळी शिवते आणि गिऱ्हाईक सांभाळते. फोमच्या गाद्यांची दुकानं झाली तशी गिऱ्हाइकी मंदावली, म्हणून तिनं शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या स्वरूपाला वेबसाइट करायला सांगितली.

"काकी, गादी गादी काय करायचं? माणसाला झोप पायजे आसती. आपण झोपच विकू," स्वरूपा म्हणाली.

आठ दिवसांत वेबसाइट झाली. निळं आभाळ, तरंगणारं पीस आणि वर मोठ्या अक्षरांत, 'झोप हरवली आहे? आमच्याकडे खात्रीशीर इलाज आहे. सायराबानू, वीस वर्षांचा अनुभव.' गादी हा शब्द औषधालाही नव्हता. फोन नंबर होता, पण पांढऱ्या ढगावर पांढऱ्या अक्षरांत. दुकानाचा नकाशा तेवढा ठळक होता.

सायराबानूला आभाळ फार आवडलं.

मग माणसं यायला लागली. एका मास्तरांनी आल्या आल्या चपला बाहेर काढल्या आणि फी विचारली. एक बाई सासूला घेऊन आली. म्हातारी पहाटे तीनला उठून मिक्सर लावते, हिला गोळी द्या म्हणाली. गादी घ्यायला मात्र कुणी येईना.

"दवाखाना टाकलास व्हय गं?" रमजाननं विचारलं.

मंगळवारी भवानीनगरहून दत्तोबा आले. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, बगलेत रिपोर्टांची जाडजूड फाइल.

"डाक्टरीणबाई, रिटायर झाल्यापासनं डोळ्याला डोळा न्हाय," ते म्हणाले. "रक्त तपासायचं आसंल म्हणून उपाशी आलोय."

सायराबानूला हसावं की रडावं कळेना. तिनं आधी त्यांना चहा आणि खारी दिली.

"दादा, मी डाक्टर न्हाय. गाद्या करते. तुमी झोपता कशावर?"

"हाय की जुनी गादी. मधी खड्डा पडलाय. मी अन् मंडळी दोघंबी त्यातच घरंगळतो, मग भांडाण."

"मग हितं जरा पडून बघा."

दत्तोबा नव्या गादीवर आडवे झाले. तेवढ्यात रमजाननं मशीन चालू केलं. घरघर, खडखड, पत्रा हादरायला लागला. सायराबानू त्याला थांबवायला उठली, तोवर दत्तोबा घोरायला लागले होते.

दुपार झाली तरी ते हलेनात. घोरणंही थांबलं, तशी सायराबानू घाबरली. तिनं त्यांच्या नाकाशी कापसाचा पुंजका धरला. पुंजका उडून रमजानच्या दाढीत बसला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

तोवर रस्त्यावरची माणसं डोकावून जात होती. "काय गाढ झोपलाय गडी," म्हणत दोघांनी गाद्यांची ऑर्डरही दिली. जागे झाल्यावर दत्तोबांनीही एक टेम्पोत घातली.

संध्याकाळी सायराबानूनं स्वरूपाला बोलावलं.

"तुजं आभाळ राहू दे, पर काय विकतो ते आदी लिही. गादी, उशी, तक्के. जुना कापूस पिंजून मिळंल. अन् नंबर काळ्या शाईत."

स्वरूपा खट्टू झाली, पण तिनं तसं केलं.

आठवड्यानं दत्तोबा परत आले. गादी झकास होती, झोप मात्र येत नव्हती. सायराबानूनं विचार केला. जन्म कारखान्याच्या आवाजात गेलेला माणूस, त्याला शांततेत झोप येणार कशी? तिनं स्वरूपाकरवी पिंजायच्या मशीनचा तासभराचा आवाज त्यांच्या मोबाइलवर भरून दिला. संपला की परत पहिल्यापासून सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेबसाइटवरचा नंबर बघून पहिला फोन आला. सायराबानूनं पदर सावरून उचलला.

"गादीवाल्या सायराबानू का? मी गोजरबाई, भवानीनगरची. दत्तोबांची मंडळी."

"बोला की, ताई."

"त्यो घोरतोय झकास. माझा डोळा लागला न्हाय. बाई, ही घरघर बंद कुठनं करायची तेवढं सांगा."