उघडं टाकून उठू नये

बांद्याच्या शाळेत मी उभा जन्म घालवला आणि पोरांकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या. एक म्हणजे पाढे. दुसरी म्हणजे पुस्तक उघडं टाकून उठायचं नाही. उठायचं असेल तर आधी मिटा, मग पाणी प्यायला जा नाहीतर देवळात जा. उघडं पुस्तक भुतं वाचतात, असं मी सांगत असे. माझा स्वतःचा भुतांवर काडीचा विश्वास नाही, पण पोरांचा होता, तेवढं पुरे. पुढे पाढे बरेचजण विसरले. पुस्तक मिटायचं मात्र कोणी विसरलं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या बागायतदार संघात संगणक आला. त्याला हार घातला, नारळ फोडला आणि चपला बाहेर काढायचा हुकूम सुटला. तो चालवायला माझ्या सुनेला, सत्यवतीला घेतलं. लग्नानंतर रोज एसटीने सावंतवाडीला जाऊन टायपिंग शिकलेली पोर. मॅनेजर भिकाजी म्हणाला, दिवाळीपर्यंत काम बघू, मग कायम करू. भिकाजी माझाच विद्यार्थी. खरं तर शिपायापासून सगळं ऑफिसच माझ्या हाताखालून गेलेलं.

काजूची कलमं हवी असलेल्या बागायतदारांचे अर्ज यायचे. सत्यवती एकेक अर्ज संगणकाच्या फॉर्ममध्ये उतरवायची. नाव, गाव, जमीन, आणि सगळ्यात शेवटच्या चौकटीत कलमं किती. आषाढात इन्सुलीचा लवू टेम्पो घेऊन कलमं न्यायला आला, तर यादीत त्याच्या नावापुढे काहीच नाही. त्याने संघाच्या दारात असा शंख केला की अर्धा बाजार गोळा झाला. मग शोधल्यावर आणखी रिकाम्या चौकटी सापडल्या. कागदावरच्या अर्जांत आकडे होते, संगणकात नव्हते. भिकाजीने सत्यवतीला सांगितलं, "उद्या प्रोग्रॅम लिहिणारा येतोय. यंत्र ठीक आहे असं तो म्हणाला, तर मग तुम्ही परवापासून येऊ नका."

घरी येऊन ती जेवली नाही.

"माई, मी भरलंय हो. लवूचो आकडो माका आजून आठवता."

"मगे गेलो खंय?"

"माका काय म्हायत! चौकटीत दिसा होतो."

खोटं बोलणारं पोर मला पाठमोरंसुद्धा ओळखू येतं. ही खोटं बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर संघात गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण अडवायची छातीही कोणाची नव्हती.

प्रोग्रॅम लिहिणारा दत्ताराम वैभववाडीचा, कोल्हापुरात शिकलेला. त्याने पटापट चार-पाच फॉर्म भरून दाखवले. आकडे सगळे जागच्या जागी.

"प्रोग्रॅममध्ये दोष नाही," तो म्हणाला. "मॅडमनी आकडे टाकलेच नसणार."

सत्यवती भिंतीला लागून मान खाली घालून उभी होती. भिकाजी माझ्याकडे बघायचं टाळत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणखी एक भर," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

तो भरू लागला. शेवटचा आकडा टाकला आणि नेमका शिपाई शिवाने दारातून चहासाठी हाक मारली. दत्ताराम तसाच उठला आणि चालू लागला. फॉर्म आपला पडद्यावर सताड उघडा!

"उघडो टाकून खंय चललंस रे?" मी ओरडले.

वर्गातला आवाज अजून शाबूत आहे माझा. भिकाजी खुर्चीतून अर्धा उठला. शिवाने किटली खाली ठेवली. सत्यवती सगळ्यांत जवळ होती, तिने झटकन पुढे होऊन कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबलं आणि फॉर्म मिटला.

दत्ताराम हसत परत आला. तोच फॉर्म पुन्हा उघडून बघितला, आणि त्याचं हसू मावळलं. शेवटची चौकट रिकामी होती. आकडा तर त्याने स्वतः टाकला होता.

"मॅडम, तुम्ही नेहमी असंच बंद करता?"

"कोणी मधेच हाक मारली तर," सत्यवती म्हणाली. "उघडा टाकून कसं उठायचं?"

तेव्हा उलगडा झाला. आकडा टाकून पुढे जायचं बटण दाबेपर्यंत तो चौकटीत नुसता दिसतो, लिहिला जात नाही. त्याआधी फॉर्म बंद केला, तर माणसाचा विचार बदलला असं समजून यंत्र तो टाकून देतं. दत्तारामला हे कधी दिसलं नाही, कारण तो कधी काही मिटतच नसे.

"सोपं आहे," तो म्हणाला. "मॅडमनी ही सवय सोडायची."

भिकाजीने मान डोलावली. मग मात्र माझा तोल सुटला.

"आकडो लिवन वही मिटली तर शाई पुसता काय रे? सवय बरोबर आसा. मिटल्यार विसरता, ता तुझा यंत्रच चुकता! आणि भिकाजी, तू कित्याक मान हलयतंस? तू पण उठललंस मिटूक. आता तुका पण काढूया?"

भिकाजीचे कान लाल झाले. दत्तारामने पडद्यावरची रिकामी चौकट पुन्हा एकदा बघितली. पोरगा सरळ होता, उगाच हेका धरणारा नव्हता. "बाईंचं बरोबर आहे," म्हणाला आणि यंत्रापुढे बसला. फॉर्म बंद करायला सांगितलं की चौकटीत काही बदललंय का ते आधी बघायचं, बदललं असेल तर लिहून घ्यायचं, आणि मगच बंद व्हायचं, एवढं त्याने यंत्राला शिकवलं. दुपारचं जेवण त्याने तिथेच केलं, आमच्या डब्यातलं.

मग सत्यवतीला बसवलं. तिने लवूचा फॉर्म काढला, आकडा टाकला. मी दारातून हाक मारली, "सत्यवती, हयसर ये गो!"

तिने फॉर्म मिटला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मागे वळून बघायचा तिला धीर होईना. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला.

दत्तारामने फॉर्म उघडला.

"आसा!" ऑफिसातली मराठी विसरून भिकाजी ओरडला. "आकडो आसा!"

सत्यवतीने डोळ्यांना पदर लावला. सून माझी आणि धडाही माझा, कोणाचा अभिमान जास्त वाटला ते अजून सांगता येत नाही. "उद्या वेळेवर या," भिकाजी तिला म्हणाला, आणि रिकाम्या चौकटींच्या अर्जांचा गठ्ठा तिच्या हातात दिला.

संध्याकाळी दत्तारामने पिशवी उचलली. इतरही संघांना त्याचाच प्रोग्रॅम होता. आता सगळीकडे हेच घालणार, असं सांगून तो दाराकडे निघाला. फॉर्म तसाच पडद्यावर होता. मी तोंड उघडलं, तोच मागून आवाज आला.

"उघडो टाकून खंय चल्लात वो?"

सत्यवती कमरेवर हात ठेवून उभी होती. आवाज हुबेहूब माझा. दत्ताराम मुकाट्याने मागे आला, फॉर्म मिटला आणि मगच गेला.

उघडलेलं तोंड मी मिटलं. बोलायची गरजच राहिली नव्हती.