नळ मूळ नव्हता

डिलाईल रोडवरची आमची चाळ हेरिटेज ठरली, तेव्हा आधी आमचाच विश्वास बसेना. जिला आम्ही जन्मभर खुराडं म्हणत आलो, ती वारसा निघाली. समोरच्या गिरण्या पाडून काचेचे मनोरे उभे राहिले, तेव्हा वारसा कुणाला आठवला नव्हता. आमच्या गॅलरीच्या लाकडी कठड्यावर मात्र वारसा जपणाऱ्या साहेबलोकांचा जीव जडला.

त्यांचे मुख्य हेमचंद्र साहेब. "सगळं मूळ स्वरूपात आणून देऊ. फुकट," ते म्हणाले. फुकट म्हटलं की आमच्या चाळीची अक्कल गहाण पडते. वर आम्हीच शहाणपणा केला, "गणपतीत करा, आम्ही सगळे कोकणात असतो. धुळीची कटकट नको." खोल्यांच्या चाव्या साहेबांच्या हवाली करून अख्खी चाळ एसटीत बसली.

परतलो तर चाळ नवरीसारखी नटलेली. कठड्यांना पॉलिश, भिंतींना नवा रंग. गॅलरीतले पत्रे, जाळ्या, पिंपं सगळं गायब. आम्ही माना वर करून बघत राहिलो. ओवाळायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून शांताकाकू ओरडली, "अगो बाय, माझो नळ खंय गेलो?"

काकूचे दोन्ही गुडघे गेलेले. तिचे यजमान कुशाबाकाका संपात गिरणीबाहेर पडले, ते पुन्हा आत गेलेच नाहीत. तेव्हापासून काकूने डबे करून घर चालवलं आणि तळमजल्यावरून कळशा वाहिल्या. शेवटी मोरीत नळ आला, त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आता तिथे गुळगुळीत गिलावा होता. रंगसुद्धा छान लागला होता.

साहेब समजूत घालायला काकूच्या खोलीत आले. "काकू, ते पाइप बाहेरून फार वाईट दिसत होते. मूळ बांधकामात घरात नळ नव्हतेच. खालचा सार्वजनिक नळ आम्ही पितळेचा बसवलाय, बघितलात का?"

माझं डोकंच फिरलं. पण माझ्याआधी काकू बोलली.

"मगे सगळांच मूळ करा, सायबा. सकाळी भोंगो वाजवा. आणि ह्यांका परत गिरणीत घेवा."

साहेब हसले. चाळही हसली, आम्हाला हसायला एवढंसं कारण पुरतं.

कुशाबाकाका हसले नाहीत. ते खाटेवर उठून बसले. खुंटीवरची टोपी काढून त्यांनी झटकली, डोक्यावर नीट बसवली.

"सायबानू," त्यांनी विचारलं, "किती वाजता येवचां?"

साहेब खाली बघू लागले. काकूने पदर तोंडाला लावला. मी तिची कळशी उचलली आणि पितळेच्या नळाकडे निघालो.