प्रभूसाठी ठेवलेली खुर्ची

मी एक खुर्ची. माझ्यावर कुणी बसत नाही. खुर्चीला आपली ओळख अशी करून द्यावी लागते, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पण जे आहे ते आहे.

माझा जन्म एका दारातून झाला. चर्चचं जुनं दार खालून कुजलं होतं, म्हणून मंडळीने नवं करून घेतलं. ते करणारा सुतार मंडळीतलाच, उपासनेला पुढच्या बाकावर बसणारा. त्याने मजुरी घेतली नाही. "जुनं दार तेवढं मला द्या," म्हणाला. कुजका भाग कापून त्याने वरच्या चांगल्या लाकडातून मला घडवलं. एकही खिळा मारला नाही. खुंट्या खाचांत अशा बसवल्या की आजतागायत एक हललेली नाही. माझ्या हातांवर त्याने तळव्याने पॉलिश चोळलं, लेकराच्या अंगाला तेल लावावं तसं.

दार होते तेव्हा मी येईल त्याला आत घेत होते. आता लोकांना टेकायला मिळेल, असं मला वाटलं. मी खूश होते.

सुताराने मला घरी नेलं. तो गावभर खुर्च्या करून द्यायचा. स्वतःच्या घरात मात्र एक बाक आणि दोन स्टुलं. त्याच्या बायकोने पदराला हात पुसले आणि मला चहूबाजूंनी न्याहाळलं.

"माझ्यासाठी केलीत?"

"नाही. ही प्रभूची."

"बरं आहे. प्रभूला खुर्ची आणि मला स्टूल." ती हसली. "पण त्याला विचारलंत का? तो आला ना, तर सरळ स्वयंपाकघरात येईल बघा. चालून चालून भूक लागलेली असेल त्याला. स्टूलसुद्धा चालेल."

सुतार हसला नाही. त्याने मला भिंतीशी ठेवलं, आणि मी तिथेच राहिले.

घरात काही पेच पडला की मला टेबलाच्या टोकाशी ओढायचे. घर बदलायचं का, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, नवं काम धरायचं की नाही, असं काहीही. सगळे भोवती बसायचे, डोळे मिटायचे, प्रभूची इच्छा काय आहे ती ऐकायचे. मग धाकटीपासून सुरुवात करून एकेकाने काय ऐकू आलं ते सांगायचं. सुतार शेवटी बोलायचा, आणि तो बोलला की विषय मिटायचा.

त्याच्या दोन मुली. धाकटी हुशार. एक डोळा किलकिला ठेवून ती बापाचा चेहरा वाचायची आणि तेच सांगायची. थोरली मात्र खरोखर डोळे मिटायची. म्हणून तिची उत्तरं चुकायची. "मला काहीच ऐकू आलं नाही, बाबा," असं ती म्हणाली की सुतार म्हणायचा, "मन लावून ऐक." मग पोर पुढच्या वेळी डोळे आणखी घट्ट मिटायची. पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत.

सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मुली लहान असताना त्यांची आई एकदा आजारपणात मरता मरता वाचली. त्या दुपारी सुतार एकटा माझ्यासमोर बसला. त्याने काही विचारलं नाही, काही मागितलंही नाही. माझ्या पायाशी डोकं टेकून नुसता रडला. त्या दुपारी माझ्यावर कुणी बसलं होतं का, मला ठाऊक नाही. वजन जाणवलं नाही. पण मला रिकामंही वाटलं नाही. आणि नेमकं त्याच दिवशी सुताराने 'प्रभू मला असं म्हणाला' असं कुणाला सांगितलं नाही.

पुढे थोरली नर्स झाली. गावातल्या दवाखान्यात लागली. तान्ह्या बाळांना हाताळावं तर तिनेच. रडणारं मूल तिच्या खांद्यावर गेलं की ओठ मुडपून गप्प व्हायचं. दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात अशक्त, वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा वेगळा विभाग होता. तिथल्या मोठ्या सिस्टरने तिला बोलावलं. थोरलीचा चेहरा त्या दिवशी असा उजळला होता की आई म्हणाली, "अगं, दिवा लावायची गरज नाही आज."

मला टेबलाशी ओढलं. डोळे मिटले. सुतार शेवटी म्हणाला, "प्रभू म्हणतो, थांब."

थोरली थांबली.

काही महिन्यांनी धाकटीने एका हार्डवेअरच्या दुकानवाल्याशी लग्न ठरवलं. दुकान चौकात, चांगलं चालणारं, सुताराला खिळे-बिजागऱ्या स्वस्तात मिळणार. त्या वेळी चहा गार व्हायच्या आत होकार आला. आई पुटपुटली, "प्रभूलाही दुकान आवडलेलं दिसतंय."

मग आईच्या पाठीचा कणा गेला. इस्पितळातून पुन्हा बोलावणं आलं, आणि सुताराने काही म्हणायच्या आधीच थोरलीने नकार कळवला. तो नकार खरा होता. त्याला माझी गरज पडली नाही.

आईला खिडकीशी बसायचं असायचं. स्टुलावर पाठ ठरायची नाही. थोरली एकदा म्हणाली, "बाबा, तिला त्या खुर्चीवर बसवते. हिला पाठ आहे, हात आहेत."

"ती सोडून," सुतार म्हणाला.

मग थोरली स्टुलामागे उभी राहायची आणि आईला आपल्या पोटाशी टेकवून घ्यायची. दवाखान्यातून दमून आलेली ती, तासभर तशी उभी. आई खिडकीबाहेर बघायची. आणि मी, पाठ असलेली, हात असलेली, दोन पावलांवर भिंतीशी गप्प. लाकडाला लाज वाटते की नाही, ते मला विचारा.

त्याच वर्षी थंडीत आई गेली.

त्यानंतर मोठ्या सिस्टरचा फोन आला. "यायचं तर याच वर्षी ये, बाळा. पुढच्या वर्षी तुझं वय बसणार नाही. मग मलाही काही करता येणार नाही."

थोरलीने ते टेबलाशी सांगितलं. धाकटी आणि जावई दोन गल्ल्या सोडूनच राहायचे, तेही आले होते. सुताराने मला ओढलं. सगळ्यांनी डोळे मिटले, धाकटीने दीडच.

"मला वाटतं, प्रभू थांब म्हणतोय," धाकटी म्हणाली.

"तुला वाटणारच," थोरली म्हणाली. "मी गेले तर बाबांचा डबा तुझ्या गळ्यात पडेल ना."

जावई कपातल्या चहाकडे फार लक्ष देऊन बघू लागला.

सुताराने घसा साफ केला. "प्रभू म्हणतो, थांब."

"कारण सांगतो का तो?"

"त्याला कारण विचारायचं नसतं."

"मग थांब हे मलाच का, बाबा? हिला एकदाही नाही म्हणाला."

"तुझा विश्वास डळमळतोय."

"डळमळायला असावा तर लागतो." थोरलीचा आवाज चढला नव्हता. "मी लहानपणापासून इथे डोळे मिटून बसते. मला कधी, एकदासुद्धा, काही ऐकू आलं नाही. माझ्यातच खोट आहे असं वाटायचं मला. मी प्रभूचं म्हणून तुमचंच ऐकत आले."

आणि ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, आणि माझ्यावर बसली.

"अगं!" धाकटी ओरडली. जावई उगाचच उभा राहिला. सुताराचा हात अर्धा उचलला गेला आणि तिथेच राहिला.

"पाय दुखतात, बाबा," थोरली म्हणाली. "सकाळपासून उभी आहे."

माझ्या खुंट्या करकरल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी वजन माझ्यावर आलं. दमलेलं, ऊबदार, औषधांच्या वासाचं. मी कशासाठी जन्मले ते मला त्या क्षणी कळलं.

तिने हात माझ्या हातांवर टेकले आणि समोर बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा आवाज बदलला.

"इथूनसुद्धा काही ऐकू येत नाही. पण तुमचा चेहरा नीट दिसतो, बाबा. तुम्ही घाबरलाय."

मी ते कितीतरी वर्षं बघत होते.

"आई गेल्यापासून एकटं राहायची भीती वाटते तुम्हाला. मग तसं म्हणा ना. 'बाळा, मला भीती वाटते, जाऊ नकोस.' इतकंच. त्यासाठी वर कुणाला विचारावं लागत नाही."

"प्रभू..." सुताराने सुरुवात केली.

"त्याला राहू द्या जरा. तुम्ही बोला."

सुतार टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवत राहिला, कुठे खरखरीत राहिलंय का ते शोधावं तसा. थोरली थांबली. आजवर थांबायला सांगितलं म्हणून थांबत आली होती. या वेळी आपणहून थांबली. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा. मला घडवताना तुझा हात एवढा मऊ होता, आता जिभेला काय झालं?

सुतार म्हणाला, "चहा गार झाला."

थोरली उठली. "मी राहते," ती म्हणाली. "सिस्टरना कळवते. पण हे प्रभूच्या नावावर घालू नका. मी तुमचा चेहरा बघितला म्हणून राहतेय. निर्णय माझा. चुकला तरी माझाच."

त्या टेबलाशी ऐकलेलं पहिलं खरं उत्तर ते. त्याची किंमत तिने मोजली, आणि ती कपबशा विसळायला गेली.

पुढच्याच रविवारी सुताराने चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली. घरी येऊन धाकटी कौतुकाने सांगत होती, "काय बोलले बाबा! म्हणाले, प्रभूने माझ्या थोरलीला थांब म्हटलं आणि तिनेही त्याची वाणी ऐकली. सगळी मंडळी आमेन म्हणाली."

थोरली बापाची गोळी काढत होती. तिने गोळी दिली, पाणी दिलं, आणि ग्लास परत नेला. माझ्यावर मात्र ती पुन्हा कधी बसली नाही. मी वाट बघितली.

सुतार पुष्कळ जगला. शेवटी अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनेच सगळं केलं. एका सकाळी ती औषध आणायला गेली होती. घरात तो आणि मी. त्याने मान माझ्याकडे वळवली. ओठ हलले. "थोरले," तो म्हणाला, "मला भीती वाटते गं. जाऊ नकोस."

बोलला. अखेर बोलला, पण मला बोलला. ती परतली तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते, आणि ते पुन्हा उघडले नाहीत. मी लाकूड. निरोप कसा देणार?

आता मी चर्चमध्ये आहे. पाळकसाहेबांनी मला मागून घेतलं. ज्या चर्चचं मी दार होते, तिथेच पुढे एका कोपऱ्यात मला ठेवलंय. पाठीवर सुताराच्या विश्वासाबद्दल पितळी पाटी आहे, आणि कुणी चुकून बसू नये म्हणून एका हातापासून दुसऱ्या हाताला दोरी बांधली आहे. तांबडी, चांगली जाड.

आज त्याच्या आठवणीची उपासना आहे. बाक भरलेत. धाकटी पुढे बसून डोळे टिपतेय. पाळकसाहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ही खुर्ची रिकामी नाही, बंधुभगिनींनो."

रिकामीच आहे हो मी. मला विचारा ना.

थोरली दवाखान्यातून उशिरा आलीय. तिचे केस पांढरे झालेत. जागा नाही म्हणून मागे, नव्या दारापाशी उभी आहे. भार या पायावरून त्या पायावर घेतेय, आणि कुणी मागे वळून बघत नाही.

कुणीतरी ही दोरी सोडा. तिला बोलवा, बसवा. तो भीत होता आणि शेवटी त्याने तसं म्हटलं, एवढं तिच्या कानात सांगा. प्रभूची काळजी करू नका. त्याला स्टूल चालेल.