वंशावळीत नसलेली माणसं

चिंतामणरावांनी दाराच्या फटीतून आधी पाहुण्याचे बूट पाहिले, मग कातडी बॅग आणि सरतेशेवटी चेहरा. सत्तावन्न सालच्या गिरगावात अनोळखी माणसाला दार उघडायची हीच रीत होती. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना जाणाऱ्यांची नावं टिपत साध्या वेषातले पोलीस फिरतात, अशी बोलवा होती. आणि हा गृहस्थ तर बसल्या बसल्या म्हणाला, "तुमच्या घराण्यातल्या सगळ्यांची नावं हवी होती."

"कशाला?"

"मी डॉक्टर ऑस्वाल्ड. परळच्या इस्पितळात असतो. रक्तातले आजार पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात ते पाहतो. तुमचा मुलगा श्यामकांत दात काढल्यावर गेला ना? रक्त थांबलंच नाही म्हणून?"

स्वयंपाकघराच्या दाराआड यशोदाबाईंचा हात थबकला. यापेक्षा पोलीस परवडला असता! चार वर्षांपूर्वीचं दुःख या परक्याच्या कानावर घातलं कोणी? लेकीचं, नलूचं लग्न वैशाखावर येऊन ठेपलं होतं, दादरच्या गुरुदत्तशी. म्हणजे वरपक्षानंच चौकशीला माणूस धाडला असणार. नाहीतर शेजारच्या कमळाबाई! त्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

चिंतामणरावांना वेगळाच राग आला. ते उठले आणि कपाटातून लाल बासनात बांधलेली वंशावळ घेऊन आले.

"नऊ पिढ्या आहेत, बघून घ्या. आजोबा ब्याऐंशी, पणजोबा एकोणनव्वद. आमच्या रक्तात खोट काढताय?"

डॉक्टरांनी पानं सावकाश उलटली. "यात बायका कुठं आहेत?"

"वंशावळीत बायका कशाला? लेकी जातात, सुना येतात."

डॉक्टरांनी बॅगेतून कागद काढला. त्यावर चौकोन आणि गोल काढून रेघांनी जोडले होते. "चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. हा आजार बाईच्या वाटेनं येतो. ती स्वतः ठणठणीत असते, भोगतात तिचे मुलगे. तुमचे पणजोबा शंभर वर्षं जगले असते तरी मला त्याचा उपयोग नव्हता. मला श्यामकांतच्या आईचं माहेर हवंय."

"हिच्या माहेरी कोण आहे? एकुलती एक लेक. काय गं?"

यशोदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मला भाऊ नव्हतेच," त्या म्हणाल्या. तीस वर्षांच्या सरावानं खोटं अगदी गुळगुळीत झालं होतं. मग त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, "कोणी पाठवलं तुम्हाला? दादरच्या मंडळींनी?"

"मी बोलावलं त्यांना." नलू दारात उभी होती, शनिवारची अर्ध्या दिवसाची कचेरी उरकून आलेली. "लग्नाआधी मला कळायला हवं, म्हणून मीच परळला गेले होते."

"अगं, पण मला भाऊच नव्हते, तर—"

"मग भाऊबीजेला चंद्राला ओवाळतेस तेव्हा पाटावर दोन सुपाऱ्या कोणाच्या मांडतेस, आई?"

यशोदाबाई खाली बसल्या. त्या दोन सुपाऱ्यांकडे घरात कोणाचं लक्ष असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"राजाराम," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांचा होता. जिन्यावरून पडला आणि गुडघा सुजतच गेला. आणि रामदास. त्याचे कान टोचले अन् तिसऱ्या दिवशी गेला. लग्नात आईनं बजावलं होतं, सासरी भावांचं नाव काढायचं नाही. घराला शाप आहे म्हणतील."

चिंतामणरावांनी वंशावळ मिटली. "म्हणजे श्यामला दात काढायला नेलं, तेव्हा तुला..."

"भीती वाटत होती. जिभेवर आलं होतं. पण तुम्ही मला माहेरी धाडाल, असं वाटलं."

चिंतामणरावांनी मान फिरवली. डॉक्टर हलकेच बोलू लागले. "बाई, यात शाप नाही आणि तुमचा दोषही नाही. रक्त कोणी निवडून आणत नाही. नलूत हे असेल किंवा नसेल. रुपयात आठ आणे धरा. असलंच, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला पुन्हा आठ आणे. आज ते सांगणारी खात्रीची तपासणी आमच्याकडे नाही. पण आधी ठाऊक असलं, की दात काढताना, कान टोचताना माणूस जपतो. मुलगा वाचू शकतो."

शेवटचं वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. यशोदाबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"गुरुदत्तला मी आजच सांगते," नलू म्हणाली. "मोडलं तर मोडलं."

"तू नको." यशोदाबाई उठल्या. "भाऊ माझे होते. दादरला मी येते आणि मीच सांगते."

डॉक्टरांनी दोन नवे चौकोन काढून, गेलेल्यांची खूण म्हणून त्यांवर काट मारली. यशोदाबाईंनी वाकून पाहिलं. "हा गोल म्हणजे मी?"

"हो."

"आणि खाली हा श्याम. त्याच्यापुढं लिहा, आईला ठाऊक होतं."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "तसं इथं लिहीत नाहीत, बाई."

"मग ते कुठं लिहितात?"