नऊ पौंड

मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागच्या अंगाला जब्बार मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्या गॅरेजात आजवर एकाही गिऱ्हाइकानं ‘नाही’ हा शब्द ऐकलेला नाही. पूर्वी काळीपिवळी जीपवाले यायचे आणि म्हणायचे, मिस्त्री, गाडी पळत नाही, कारंज्याच्या फेरीत दुसरे पुढं निघून सवाऱ्या उचलतात, काहीतरी करा. जब्बार म्हणायचा, हो जाएगा. मग तो तेलपाणी बदलायचा, फिल्टर झटकायचा आणि शेवटी अॅक्सिलरेटरच्या पॅडलखाली एक जाड बोल्ट बसवून द्यायचा. पॅडल पहिल्याइतकं खाली जायचंच नाही. ड्रायव्हर मात्र खूश, कारण पाय तळाला टेकला की गाडी जीव तोडून पळतेय असंच त्याला वाटायचं. त्या बोल्टनं किती माणसं जिवंत घरी गेली असतील ते जब्बारलाच ठाऊक, आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता.

“गिऱ्हाइकाशी हुज्जत नाई घालाची,” तो पोराला सांगायचा. “हो म्हनाचं, आन आपल्या हातानं कमी कराचं.”

त्याची सगळी विद्या एवढ्यात आली. पोरगा अजहर ती पान्या-पकडीबरोबरच शिकला. चांगल्या मनानं केलेली फसवणूक ही फसवणूक नसते, असं या बापलेकांना खरोखर वाटायचं. हे वाटणंच पुढं सगळ्यांना नडलं.

हरीओम हा अजहरचा शाळेपासूनचा दोस्त. मंगरूळपासून जवळच्याच खेड्यातला, नानाजींचा एकुलता एक मुलगा. घरी हळद, सोयाबीन, पाण्याची विहीर, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. दोघांनी दहावीचं गणित एकमेकांच्या पेपरात डोकावून पास केलं होतं, आणि दोघांनाही सारखेच मार्क पडल्यानं मास्तरांनी दोघांनाही सारखंच झोडपलं होतं. पुढं हरीओमचं लग्न झालं, ज्योत्स्ना घरात आली, तरी त्याचं गाड्यांचं वेड काही गेलं नाही. त्यानं एक जुनी पेट्रोल कार घेतली आणि अकोल्याच्या भंगारातून तिच्यासाठी टर्बो पैदा केला.

टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त कोंबली की पेट्रोलही त्याच मापानं जास्त द्यावं लागतं. ते कमी पडलं की इंजिन आतल्या आत जळतं. मिस्त्रीचं सगळं शहाणपण शेवटी या दोन मापांचा मेळ घालण्यात असतं.

तो मेळ घालायला कोणतं यंत्र आणायचं, यावर स्टँडवरच्या चहाच्या टपरीत दोघांची बैठक बसली. हरीओमनं मोबाइल पुढं सरकवला.

“हा पाह्य,” अजहर म्हणाला, “हा पुरा कॉम्प्युटर. गाडीचा जुना काढून टाकाचा, हा बसवाचा, आन पुन्याले नेऊन मशीनवर चढवून पेट्रोलचं माप लावून घ्याचं. खरा इलाज हाच हाय.”

“याच्यात तर दुसरी गाडी येते बे. हा खालचा?”

“ते डब्बी हाय. जुन्या कॉम्प्युटरले खोटं सांगते. हवा थोडी जास्त आली म्हन्ते, मंग तो थोडं पेट्रोल वाढवते. थोडंच, बरं.”

“मंग डब्बीच मांगव.”

“आयक तं खरं. एक साल थांब, पैसे जमव, कॉम्प्युटरच टाकू.”

“साल? अकोल्याच्या पोराइच्या गाड्या नऊ पौंडावर पयून राह्यल्या, आन मी साल थांबू?”

पौंड हे कोंबलेल्या हवेच्या दाबाचं माप. ती स्वस्तातली डबी पाच पौंडांपर्यंत पेट्रोल पुरवू शकत होती. नऊला पुरवूच शकत नव्हती. अजहरला हे स्वतःच्या नावासारखं ठाऊक होतं. तो सांगणारही होता, शब्द ओठांवर आला होता, तेवढ्यात हरीओम हसत हसत बोलून गेला, “तुह्याच्यानं होत नसन तं तसं सांग. अकोलेवाला मिस्त्री करून देतो म्हन्ते, याच डब्बीवर, नऊ पौंड.”

हे अजहरला झोंबलं. त्यात भीतीही होती, कारण अकोलेवाला खरोखरच नऊवर चढवून देईल आणि हा वेडा पहिल्याच महिन्यात इंजिन फोडून घेईल. राग आणि काळजी एकाच वेळी आली की माणूस स्वतःला हवं ते कारण पुढं करतो.

“होते,” अजहर म्हणाला. “काहून नाई होनार?”

डबी आली, बसली. टर्बोला हवेचा दाब ठरावीक आकड्यावर रोखणारी एक झडप असते. तिच्या काडीवरचा नट अजहरनं इतका सैल ठेवला की दाब पाचाच्या पुढं जाणारच नाही. राहिला प्रश्न डॅशबोर्डवरच्या दाब दाखवणाऱ्या मीटरचा, कारण तो खरं बोलणार होता. त्याची काच अजहरनं उघडली, आतली आकड्यांची तबकडी काढली आणि ती घेऊन तो रेडियमवाल्याकडं गेला. तशीच दिसणारी नवी तबकडी कापून घेतली. फक्त जिथं पाच होता, तिथं नऊ.

जब्बारनं ती कारागिरी चष्मा वर करून पाहिली आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. “माह्या बोल्टाचा पोरगा शोभते हा,” तो म्हणाला. अजहरलाही त्या दिवशी मोठं काम केल्यासारखं वाटलं.

हरीओम गाडी घेऊन मानोऱ्याच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आला तो आरडतच. काटा नऊवर गेला होता. त्यानं अजहरला उचलून गरकन फिरवलं. माणसाला वेग आकड्यातच दिसतो, त्याला तरी काय म्हणावं!

गाडी पोहोचवायला अजहर स्वतः त्याच्या घरी गेला. नानाजी अंगणात बाजेवर बसले होते. अजहरला वाटलं, आपण गोष्ट आणखी पक्की करावी. तो मुद्दाम नानाजींच्या देखत, चेहरा कडक करून म्हणाला, “हरी, नऊ म्हंजे नऊ. काटा नऊच्या वर गेला तं इंजिन जाईन, आन त्याच्यासंगं तूही जाशीन.”

नानाजी अडाणी नव्हते, पण गाडीतलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यांना पोराचं मरण तेवढं ऐकू आलं. त्यांनी हरीओमला जवळ बोलावलं.

“घे माही शपथ.”

“काय बाबा तुमीही.”

“घे म्हनलं ना.”

हरीओमनं बापाच्या गळ्याला हात लावला आणि शपथ घेतली. नऊच्या वर जाणार नाही.

हिवाळा सुरळीत गेला. मग अजहरच्या बहिणीचं, फरहीनचं लग्न निघालं. गॅरेजला कुलूप लागलं. मांडव, बिर्याणीचे देग, पाहुणे यांत अजहरला श्वास घ्यायला सवड नव्हती. हरीओमही त्या लग्नात घरच्यासारखा राबला. लग्न उरकलं, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी कारंज्याच्या पुढं, नव्या महामार्गावर एकट्यानंच निघालेल्या हरीओमच्या गाडीचं इंजिन भर वेगात फुटलं. आतला लोखंडी दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, सगळं तेल पुढच्या चाकांखाली सांडलं, आणि गाडी घसरत जाऊन कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या मागं घुसली. प्रेत घरी आणलं ते बांधूनच. ज्योत्स्नाला तोंड दाखवलं नाही.

पोलिसांच्या आवारात अजहरनं ती गाडी पाहिली. डॅशबोर्डचा पार चुरा झाला होता. पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं, कडा मेणासारख्या वितळलेल्या. पेट्रोल कमी पडून इंजिन जळालं होतं. झडपेचा नट कोणीतरी करकचून आवळला होता. अजहरला दुःखाआधी संताप आला. म्हणजे आपल्याला न सांगता हा अकोल्याला गेला, आणि बारा-चौदावर चढवून आला! मेलेल्या दोस्ताला त्यानं तिथंच मनातल्या मनात शिव्या घातल्या.

नानाजी तर रडलेच नाहीत. स्मशानात, दारावर येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत होते, “अजहरनं बजावलं होतं. माह्या समोर. शपथ घेतली होती यानं माही. आयकलं नाई.” लोक माना हलवत होते. आजकालची पोरं, कोणाचं ऐकतात? पाहुण्यांनी तेरवीचा, तेराव्या दिवसाच्या गावजेवणाचा विषय काढला, तेव्हा नानाजी म्हणाले, “बापाची शपथ मोडून मेला, त्याची तेरवी कायची? भटाले बोलवा, कराचं ते करा. गावजेवन नाई होनार या घरात.”

खेड्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. बापानं पोराला मेल्यावरही घराबाहेर काढलं होतं.

अजहर रोज जाऊन बसत होता. एके दुपारी ज्योत्स्नानं त्याला मागच्या पडवीत बोलावलं. आठवड्यात ती निम्मी झाली होती.

“अजहरभाऊ, तुमी सांगा मामंजीले. माह्यावर भरोसा नाई त्याइचा. बाईमानसाले काय समजते म्हन्तात.”

“काय सांगू?”

“का ते नऊच्या वर गेलेच नाई म्हनून.” ती घाईघाईनं बोलू लागली. “लगनाच्या आठवड्यात नवा मीटर आनला होता त्याइनं, आकडे पेटनारा. जुना काढून तो लावला तं त्याच्यात पाचच दाखवे. मले म्हने, झडप सैल पडली वाटते, अजहरनं तं नऊवर लावून देली होती. म्या म्हनलं, अजहरभाऊले इचारा. तं म्हने, त्याच्या घरी बहिनीचं लगन हाय, त्याले कायले तरास द्याचा, एक नट तं आवयाचा हाय. रस्त्यानं गाडी पयवत, मंग थांबून नट आवयत, पुन्हा पयवत. मी बाजूले बसून आकडा वाचून राह्यली होती. सात म्हनलं, आठ म्हनलं. नऊ म्हनल्याबरोबर त्याइनं पाना ठेवून देला. म्हने, बस, अजहरनं सांगतलं तेवढंच.”

अजहरनं मनात हिशेब जुळवला. मीटर खरा होता. आकडा खरा होता. खोटी होती ती फक्त त्याची स्वतःची जबान. हरीओमनं त्याचा शब्द प्रमाण मानला आणि गाडी नेमकी तिथं नेऊन ठेवली, जिथं तिला पेट्रोल पुरणार नव्हतं.

“तुमचं आयकतीन ते,” ज्योत्स्ना म्हणाली. “सांगान ना?”

अजहर तसाच पडवीतून बाहेर पडला.

घरी आल्यावर त्यानं बापाला सगळं सांगितलं. जब्बारनं दाढी चोळत ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, “चूप राह्य. तू कमी करून देलं होतं, वाढवून नाई. तुहा कायचा गुन्हा?”

“अब्बा, पाच असून मी त्याले नऊ म्हनलं.”

“त्याच्या भल्यासाठी म्हनलं.”

“हो. त्याच्या भल्यासाठीच म्हनलं.”

आयुष्यात पहिल्यांदा जब्बारला आपले ते बोल्ट आठवून भीती वाटली असेल. एखाद्या ड्रायव्हरनं पॅडल उघडून पाहिलं असतं तर? पण कोणी पाहिलं नव्हतं. तेवढंच त्याचं नशीब.

दुसऱ्या सकाळी अजहर खेड्यात गेला. नानाजी बाजेवर होते, ज्योत्स्ना दाराच्या आत. अजहर खाली जमिनीवर बसला आणि मान वर न करता त्यानं सगळं सांगून टाकलं. डबी, सैल नट, रेडियमवाल्याकडची तबकडी, सगळं. स्वतःला कुठं वाचवलं नाही.

“म्हंजे तो नऊवरच होता?” नानाजींनी शेवटी विचारलं.

“नऊवरच होता, काका.”

“वर गेला नाई?”

“नाई.”

“शपथ मोडली नाई त्यानं माही?”

“नाई मोडली.”

नानाजी उठले. दारापर्यंत गेले, चौकट धरली आणि आत पाहून म्हणाले, “बाई, माह्या पोरानं आयकलं होतं वं.” आणि मग इतक्या दिवसांचं सगळं एकदम फुटलं. कपाळ चौकटीवर आपटत ते लहान लेकरासारखे रडू लागले. “आयकलं होतं त्यानं. आन म्या त्याले काय काय बोललो, बाई, साऱ्या गावासमोर म्या त्याले काय काय बोललो!” ज्योत्स्नाही रडत होती. आवरायला म्हणून अजहर धावला, त्यानं म्हाताऱ्याचा दंड धरला.

“हात नको लावू,” नानाजी म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. इथं समजूत घालायला जागाच नव्हती. अजहरनं हात काढून घेतला.

बऱ्याच वेळानं नानाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते सुनेकडं वळले. “शेजारच्या गनेशले बोलाव. तेरवीचं आवतन फिरवाचं हाय. सारं गाव सांग म्हना, सोयरेधायरे सांग म्हना, मंगरूळची पेठ सांग म्हना. माह्या हरीची तेरवी हाय, कोनी राह्यलं नाई पाह्यजे.” त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. “मिस्त्रीचं घर सोडून.”

ज्योत्स्नानं एकदा अजहरकडं पाहिलं, मग पदर सावरून ती गणेशला हाक मारायला मागच्या दारी गेली. अजहर उठला आणि फाटकाबाहेर आला. त्याला थांबवायला कोणी आलं नाही, आणि कोणी यावं असं म्हणायला त्याला तोंडही उरलं नव्हतं.