अकराव्या दिवसाचा चंद्र

तारांगणाच्या प्रमुखांनी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. मावसबहिणी दोघी, ताई आणि धाकटी; नोकरीची जागा मात्र एकच. ताईची शाळेतली नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली होती. धाकटीला अजून पहिलीच मिळायची होती.

परीक्षा साधी होती. महिनाभर रोज चंद्र पाहायचा, त्याची कला ठरलेल्या वर्तुळात रेखाटायची आणि उजव्या कडेजवळचा लंबगोल काळा डाग कडेपासून किती मिलिमीटर आत आहे ते लिहायचं. चंद्र आपल्याला एकच तोंड दाखवतो खरा, पण ते तोंड किंचित डुलतं. त्यामुळे तो डाग कधी कडेला चिकटतो, कधी आत सरकतो. पौर्णिमेनंतर डाग अंधारात गेला, की डाव्या कडेची खूण धरायची.

सर कर्कटकाने एकेक चित्र मोजत होते. सातवा दिवस. आठवा. धाकटी पुढची पानं मनात मोजू लागली.

अकराव्या दिवशी संध्याकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं. ती अर्ध्या तासातच गच्चीवरून खाली उतरली. बाराव्या दिवशी चंद्र दिसला तेव्हा तिने मधलं पान भरून टाकलं. दहाव्याचं अंतर साडेचार, बाराव्याचं सहा, म्हणजे मधलं सव्वापाच. कलाही तशीच, दोन्हींच्या मधली. चित्र इतकं सुबक उतरलं होतं, की तिचं तिलाच कौतुक वाटलं होतं.

"वा!" सर त्याच पानावर थांबले. "हे दालनात लावण्याजोगं आहे." मग त्यांनी ताईची वही पुढे ओढली. तिथे रिकामं वर्तुळ होतं आणि खाली दोन शब्द : 'ढग. दिसला नाही.'

"तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना?"

"हो सर. मी खाली, ही वर."

"मग ढग काय फक्त तळमजल्यावर आले होते?"

धाकटीला हसू आलं नाही. ताईलाही नाही.

"कंटाळा आला असेल, तर तसं सांगावं," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "न पाहता ढगांवर ढकलणारा माणूस मला इथे नको."

ताईची मान ताठ झाली. त्या संध्याकाळी ती तीन तास गच्चीवर उभी होती. धाकटीनेच तिला वर चहा नेऊन दिला होता. आता ताई बोलेल, असं धाकटीला वाटलं. ताईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला नाही दिसला, सर," ती एवढंच म्हणाली.

सरांनी पेन्सिल उचलली. यादीतल्या ताईच्या नावापुढे ती टेकली.

"सर, थांबा!" धाकटी पुढे सरकली. "त्या दिवशी चंद्र नव्हताच. ताई तीन तास उभी होती. ते चित्र मी दुसऱ्या दिवशी काढलं, आकडा मधला धरून."

सरांनी ते चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी धाकटीची वही मिटली आणि तिच्याकडे सरकवली.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "म्हणूनच वाईट वाटतं." पेन्सिलीची खूण ताईच्या नावापुढे झाली, ती निवडीची, बरोबरची होती.

दोघी जिना उतरत होत्या. शेवटच्या वळणावर ताई थांबली.

"ए शहाणे, किती लिहिलं होतंस?"

"सव्वापाच."

"माझंही तेवढंच आलं होतं."

"म्हणजे? तूही गणित केलं होतंस?"

"केलं होतं. पेन हातात घेऊन बसलेही होते." ताईने तिच्या हातातली वही काढून स्वतःच्या पिशवीत टाकली. "चल. आज संध्याकाळी वर ये, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. आणि ढग आले, तर चहा तू नाही, मी आणीन."